कढीपत्त्याला लाल चिंधी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

पुन्हा कापूस! जास्वंदीच्या शेंड्याशेंड्याला पांढरा, चिकट कापूस. बोट लावलं की आत काहीतरी गुलाबी चिरडतं. शी! तीन आठवडे साबणाचं पाणी मारतेय, निंबोळी अर्क मारतेय, जुन्या टूथब्रशने एकेक फांदी घासतेय. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कळ्या उमलायच्या आधीच गळतात.

दुसरं झाड असतं तर उपटून टाकलं असतं. पण हे झाड मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी स्टाफने दिलेलं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि शेवटी हातात एक शाल, एक नारळ आणि ही दुहेरी लाल जास्वंद. शाल कुठे ठेवली आठवत नाही. नारळाच्या वड्या केल्या. राहिली ती हीच.

शेजारच्या उज्वलाचा शेवगा मात्र काय तरारलाय! दरवर्षी त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचा थर असतो. आमच्या भिंतीवर चढतात, अंगभर खाज. यंदा एक अळी नाही. काय केलंस म्हणून विचारलं तर, "काही नाही हो ताई, नुसतं पाणी." खोडाला कमरेच्या उंचीवर शेणमातीचा गोळा लिंपलाय. हे काय? तर भेग पडली होती म्हणे. झाडाला नजर लागू नये म्हणून लिंपलं असणार आणि मला सांगायची लाज वाटली असणार! मनात हसले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सहादूला फोन केला. धाकटा भाऊ, तीस वर्षं दिंडोरीत लोकांच्या द्राक्षबागांवर फवारणीचं काम करतोय. म्हणाला, "आक्का, वरून मारून काय व्हतंय? त्याच्या अंगावर मेण असतं, पाणी घरंगळून जातं. बुडात सोड. मुळी पिती, झाड पितं, अन् झाडाचा रस किड्यानं वढला की खल्लास!"

आंतरप्रवाही औषध. मला शिकवतो! नववीच्या वर्गात दरवर्षी तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवून दाखवायचे. तास संपेपर्यंत देठाच्या शिरा लाल. मुळाशी जे घालाल ते शेंड्यापर्यंत जातं, हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल.

रविवारी बाटली घेऊन येतो म्हणाला.

रविवार, ९ फेब्रुवारी

सहादू येऊन गेला. बाटली अर्धी, लेबल भिजून गेलेलं. "वास घेऊ नको, मोजे घाल, आधी माती वली कर." बस गाठायची म्हणून चहासुद्धा उभ्यानेच प्यायला.

संध्याकाळी मीच घातलं. कुंपणाच्या भिंतीलगत एकच लांब वाफा आहे. त्यात जास्वंद आणि हातभर अंतरावर कढीपत्ता. आळं फक्त जास्वंदीला केलं. हातमोजे, तोंडाला रुमाल, मापाचं झाकण, सगळं नीट. फक्त पाणी जरा जास्त झालं. आळं फुटून थोडं कढीपत्त्याच्या बुडाशी गेलं. जाऊ दे, त्यालाही थोडी ओल मिळाली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उज्वलाची पायल मालेगावहून माहेरी आली. पाचवा संपत आलाय. एवढ्या लवकर का म्हटलं, तर उलट्या थांबत नाहीत आणि रक्त फक्त आठ! चेहरा खडूसारखा पांढरा. माझीच विद्यार्थिनी, नववी ब. पाया पडायला वाकायला लागली, मी धरलं.

लगेच माझी शिकवणी सुरू. बीट, गूळ-शेंगदाणे, आणि रोज मूठभर कढीपत्ता, लोहच लोह! कात्री घेतली, एवढी मोठी जुडी कापून दिली. म्हटलं, चटणी करून ठेव, वर्षभर टिकते. उज्वला म्हणाली, "बाईंनी सांगितलं म्हणजे झालं." तीही पायलच्या तोंडून ऐकून मला कधी ताई म्हणते, कधी बाई.

तसं विचारायची कुणालाच गरज नाही. आमचा कढीपत्ता गल्लीचाच आहे. एक फांदी भिंतीवरून उज्वलाच्या अंगणात गेलीय, ती तिची. गेटकडची कोपऱ्यावरच्या साळूबाईंची. फोडणी तडतडायला लागली की कोणीतरी धावत येतं, चार काड्या ओरबाडतं आणि पळतं. हे असताना म्हणायचे, आपल्या घरात काही नसलं तरी गल्लीची फोडणी आपल्या हातात आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कापूस वाळला! करडा पडून गळतोय. खाली एक नवी कळी. सहादू, जिंकलास रे बाबा!

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी झाडताना कढीपत्त्याखाली फरशीवर काहीतरी दिसलं. आधी वाटलं चिमणीची घाण. मग त्यात एक हिरवी दिसली.

अळ्या. लिंबाच्या फुलपाखराच्या. कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली की दरवर्षी येतात. मी मारत नाही. शाळेत बरणीत घालून न्यायचे, कोष व्हायचा, एके दिवशी तासाला फुलपाखरू बाहेर. पोरं बाक सोडून यायची.

अकरा मोजल्या. एक सोडून सगळ्या मेलेल्या. दोन काळ्या पडलेल्या, एक अजून वळवळत होती आणि पुन्हा सरळ होत नव्हती.

मी औषध जास्वंदीला घातलं होतं.

त्याच दिवशी, दुपारी

सहादूला फोन. तो बागेत होता, मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज. "आक्का, एका वाफ्यात दोन झाडं हायेत, मंग? मुळ्या काय वळखत्यात का, हा वाटा तिचा अन् हा माझा?"

किती दिवस राहतं? "द्राक्षाला आमी दोन महिने तोडत नाय. झाडाचं मला ठाव नाय. मोठ्या झाडात लय दिवस ऱ्हातं म्हणत्यात. अन् पाला कोण खातं आमच्यात?" मग म्हणाला, "आमी सोडलं की पयल्या वेलीला लाल चिंधी बांधतो, कोनी द्राक्षाचा मणी तोंडात टाकू नाय म्हणून. तू चिंधी बांधली का?"

नाही बांधली.

"खाल्लं का कोनी?"

म्हटलं, नाही. का म्हटलं असं? भावाशी! इतकं पटकन तोंडातून आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

दहा दिवस झाले पायल रोज खातेय. माझ्या सांगण्यावरून.

रविवार, २३ फेब्रुवारी

चिंधी बांधली. जुन्या परकराची नाडी, लाल. कुणी विचारलं की सांगायचं असं ठरवलं.

कुणी विचारलंच नाही! नाशकात झाडाला लाल चिंधी म्हणजे नवस, हे सगळ्यांना माहीत आहे ना. अकरा वाजता साळूबाई आल्या, चिंधीला हात लावून हात जोडले, बुडाशी झेंडूचं फूल ठेवलं आणि मग दोन काड्या तोडून घेतल्या. "बाई, तुमच्यात असलं करत नाहीत ना? बरं केलं पण." मी दारात उभी. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर "जरा कमी तोडा."

चिंधी सोडून टाकली. साळूबाई गेल्यावर हसू आलं, आणि हसतेय म्हणून स्वतःचाच राग आला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

एक वाक्य आहे. "उज्वला, मी झाडाला विषारी औषध घातलंय, पायलला तो कढीपत्ता देऊ नकोस." अकरा शब्द. सकाळपासून तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले.

का जमत नाही ते मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी उज्वलाने उंदरांसाठी पिठाच्या गोळ्यांत विष घालून गटारीजवळ ठेवलं होतं. गल्लीतली मांजर मेली. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. हो, उभंच केलं, वर्गात करतात तसं. म्हटलं, "ज्याला विष हाताळायची अक्कल नाही त्यानं त्याला हात लावू नये." ती पदराचं टोक पिळत होती. बायका ऐकत होत्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज ते वाक्य शब्दन् शब्द आठवतंय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पाटी लावली. "कढीपत्ता तोडू नये." कारण लिहिलं नाही. आणि भिंतीवरून उज्वलाकडे गेलेली फांदी करवतीने कापली.

ती ओट्यावर उपवासाचे बटाटे सोलत बसली होती. नंतर भिंतीपाशी येऊन म्हणाली, "ताई, आम्हीपण नाही का?"

म्हटलं, "रोग पडलाय गं त्याच्यावर."

"आम्ही चांगली पानं बघून घेऊ की."

"नाही म्हटलं ना!" असं ओरडले. पायल खिडकीतून बघत होती.

ती कापलेली फांदी मी पोत्यात घालून घंटागाडीत टाकली. पानं अजून कोवळी होती.

शनिवार, १ मार्च

गल्लीत चर्चा आहे. रिटायर झाल्या आणि चिक्कू झाल्या. पानावर जीव आलाय म्हातारीचा. साळूबाई मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतात. बोलू देत. चिक्कू म्हणालेलं चालेल. दुसरं जे म्हणतील ते नको.

बघा, इतकी हिशेबी आहे मी.

सोमवार, ३ मार्च

मला वाटलं होतं, झाड बंद केलं की संपलं. निदान पुढचं तरी थांबलं.

आज पायलने जेवायला बसवलं. ताटाशी बरणी आणून ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली, काळपट हिरवी, तीळ घातलेली. "तुमच्याच झाडाची, बाई! तुम्ही पाटी लावायच्या आधी आईने दोनदा पाला काढून ठेवला होता. हिच्याशिवाय मला घास जात नाही. भाताबरोबर, भाकरीबरोबर, नुसतीसुद्धा." आणि बोटाने चाटली.

मी म्हटलं, माझं पोट बरं नाही. घरी आले.

गुरुवार, ६ मार्च

उज्वलाचा शेवगा लगडलाय. शेंगा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, घरात ऐकू येतं. दरवर्षी पहिली जुडी माझी. जानेवारीत माझा मुलगा संघर्ष पुण्याहून सगळ्यांना घेऊन आला होता, तेव्हा तिने स्वतः आणून दिल्या होत्या. नात मैत्री चार वर्षांची, पण शेंग चोखून चोखून दोरा करते. तीन दिवस आमटीच आमटी! हल्ली उज्वला मला भेटली की पहिलं वाक्य, "मैत्री बरी आहे ना?"

यंदा त्यानंतर एक शेंग नाही. आज भिंतीवरून सहज म्हटलं, शेंगा छान आल्यात. तर म्हणे, "कडू आहेत यंदा. नका खाऊ." कडू! शेवगा कधी कडू असतो? फांदी कापल्याचा राग आहे. बरोबर आहे तिचं. पण राग आला मला. मग लाज वाटली. मग पुन्हा राग आला.

रविवार, ९ मार्च

आज बरणी फोडायला गेले होते. लिहितानाच कसं वाटतंय! निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, शेजाऱ्याची बरणी फोडायला!

बेत सोपा होता. चहा करायला म्हणून ओट्याशी जायचं, बरणी हातात घ्यायची, "अगंबाई" म्हणायचं आणि सोडून द्यायची. काचा चटणीत गेल्या की फेकावीच लागेल. तसंच केलं. "अगंबाई" सुद्धा म्हटलं.

बरणी प्लॅस्टिकची! टप्पा खाऊन फ्रिजखाली गेली. झाकणसुद्धा उघडलं नाही. पायल पोट धरून हसली. "बाई, नेम धरून मारलीत का?" मीच गुडघ्यावर बसून ती बाहेर काढली, पदराने पुसली आणि ओट्यावर ठेवली. चटणी दोन बोटं खाली आलीय.

बुधवार, १२ मार्च

एका डॉक्टर बाईंना फोन केला, माझी जुनी विद्यार्थिनी. म्हटलं, माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत, त्यांनी झाडाला असं असं औषध घातलं आणि एका गरोदर मुलीने त्याची पानं खाल्ली. तिने औषधाचं नाव विचारलं, किती दिवस खाल्लं, किती खाल्लं. म्हणाली, नक्की काही सांगता येत नाही, कदाचित काही होणारही नाही. "पण त्या बाईंना म्हणावं, आधी त्या मुलीचं खाणं थांबवा आणि तिच्या डॉक्टरांना सांगा. सांगितलं का त्यांनी?"

म्हटलं, विचारते त्यांना.

"बाई," ती म्हणाली, "विचारू नका. सांगा."

तिला कळलं. नक्की कळलं.

शनिवार, १५ मार्च

तरी सांगितलं नाही. आडून गेले. पायलला म्हटलं, उन्हाळा लागला, कढीपत्ता उष्ण पडतो गं, ती चटणी आता बंद कर.

"बाई! तुम्हीच तर म्हणाला होता!" आत जाऊन कागद घेऊन आली. रक्त दहा पूर्णांक एक! "आठाचं दहा! डॉक्टर म्हणाल्या, जे खातेस ते चालू ठेव." उज्वलाने माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते. "ताई, तुमच्यामुळे." मग हळूच, "मैत्री बरी आहे ना?"

म्हटलं, बरी आहे, उड्या मारतेय. सारखं काय विचारतेस?

"असंच," म्हणाली.

डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी वाढलं असणार रक्त. पण माझ्या खात्यावर जमा झालं, आणि मी गप्प राहिले.

बुधवार, १९ मार्च

जास्वंद फुलली. एकाच वेळी सात. लाल, मोठ्या, टवटवीत. बघवत नाहीत.

रविवार, २३ मार्च

विहारात गेले. पंचशील म्हणताना चौथ्याला ओठ हलले, आवाज निघाला नाही. मुसावादा वेरमणी. लहानपणापासून म्हणतेय. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मागच्या बाकावरच्या मुलांवर मी किती ओरडायचे, नुसते ओठ हलवू नका म्हणून!

रविवार, ३० मार्च

पाडवा. उज्वलाने वाटीत श्रीखंड पाठवलं. आमच्या दोन घरांत वाटी रिकामी परत करत नाहीत, एकोणीस वर्षांत कधीच नाही. साखर घाला, चार शेंगदाणे घाला, पण काहीतरी घाला. आज काय घालू कळेना. घरातलं काहीही घालायला भीती वाटायला लागलीय. शेवटी दुकानातलं बिस्किटांचं पाकीट ठेवलं. तिने पाहिलं. तिला लागलं असणार.

शनिवार, ५ एप्रिल

पायलचं डोहाळजेवण.

जाणार नव्हते. सकाळी उज्वला स्वतः आली, हाताला धरून घेऊन गेली. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी मागे सरकले. हे जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्यात विधवेला पुढे करत नाहीत, मला माहीत आहे. तर उज्वलाने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. "पहिली ओटी बाईंची. तिचं रक्त बाईंनी भरून काढलंय." साळूबाईंनी तोंड वाकडं केलं. ती म्हणाली, "ज्याला पटत नाही त्यानं नंतर भरावी."

गहू, खण, नारळ. पायल हिरव्या साडीत, पोट चांगलं दिसायला लागलंय. माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, लाथा मारतंय. मुलगी झाली तर विज्ञान तुम्हीच शिकवायचं."

पंगतीला बसले. पानात डावीकडे चटणी. तीच. पायलने पहिला घास तिचाच घेतला. सगळ्या बायका खात होत्या, छान झालीय म्हणत होत्या. मी वरणभात खाल्ला, जिलेबी खाल्ली, भजी खाल्ली. चटणीला हात लावला नाही. पान उचलताना ती होती तशी होती. एका गरोदर पोरीला दोन महिने जे खाऊ देतेय ते मी स्वतः बोटाला लावून घेत नाही!

त्या क्षणी कळलं मी कोण आहे. उज्वलाच्या पिठाच्या गोळ्यांत निदान फसवणूक नव्हती. तिला माहीत नव्हतं. मला सगळं माहीत आहे.

(आणखी एक. दारात शेवगा मोडायला आलाय आणि आमटीत एक शेंग नाही. बटाट्याची आमटी, डोहाळजेवणाला!)

रविवार, ६ एप्रिल

आज सांगते.

सोमवार, ७ एप्रिल

नाही सांगितलं. पाहुणे होते.

गुरुवार, १० एप्रिल

पाहुणे गेले. तरी नाही.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी मिरवणुकीला गेले. पांढरी साडी, निळी किनार. घरी येऊन बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, आणि समोर उभं राहून मोठ्याने म्हटलं. ते अकरा शब्द. रिकाम्या घरात. आवाज फुटला, पण सगळं म्हटलं. तरीपण मरत नाही माणूस.

दुपारी उज्वला आली, जयंतीची म्हणून खीर घेऊन. दरवर्षी आणते. आज बसली नाही. उंबऱ्यातच घोटाळली, काहीतरी म्हणायचंय असं वाटत होतं. कमी झोपल्यासारखी दिसते. माझ्यामुळेच. फांदी कापली, पाटी लावली, बिस्किटं दिली, ओरडले, चटणीला शिवले नाही तेही तिने पाहिलं असणार.

उद्या सकाळी दहाला, पायल दवाखान्यात जाते तेव्हा. आधी आईला, मग लेकीला. रागावली तर रागावू दे. गल्लीत उभं केलं तर उभी राहीन. बरणीच्या तळाशी अजून चार बोटं चटणी आहे. तेवढी तरी पोटात जायची वाचेल.

वाक्य पाठ आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

गेले. दारातच म्हटलं, उज्वला, मला तुला काही सांगायचंय. ती म्हणाली, "ताई, आधी माझं ऐका, नाहीतर मला पुन्हा जमायचं नाही."

जानेवारीत तिने नर्सरीवाल्याकडून शेवग्याच्या खोडाला भोक पाडून औषध सोडून घेतलं. ते भोक शेणमातीने लिंपलं. आणि आठवड्याने शेंगा मैत्रीसाठी आणून दिल्या. फेब्रुवारीत तो माणूस पुन्हा आला, तेव्हा म्हणाला, यंदा शेंगा खाऊ नका. "तेव्हापासून झोप नाही मला. तुम्हीच म्हणाला होता ना, ज्याला अक्कल नाही त्यानं विषाला हात लावू नये. कुठल्या तोंडानं सांगणार?"

क्षणभर डोक्यात आग पेटली. माझी नात! मग ती आग तिथेच विझली.

ती माझ्या पायांशी बसली होती. मी तिला उठवलं. डोळे पुसले. म्हटलं, "तुला काय माहीत होतं गं. मैत्री बरी आहे. सोडून दे." ती लहान पोरीसारखी रडली. म्हणाली, तुमच्यासारखं मन कुणाचं नाही.

मग विचारलं तिने, "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

म्हटलं, "काही नाही. उरलेली चटणी मला देशील का? फार आवडली मला."

बरणीच दिली. आनंदाने दिली.

आता ती माझ्या ओट्यावर आहे. चटणी संडासात ओतली, बरणी तीनदा धुतली. उद्या परत द्यायचीय. रिकामी देत नाहीत.